पांढऱ्या कानाचं करडू

एंजेलाताई, सलाम.

फ्लू छातीत उतरला आणि मला व्हेंटिलेटरवर ठेवलं, तेव्हा तू आलीच नव्हतीस, असं घरचे सांगतात. डॉक्टर म्हणाले, "आयसीयूत भास होतात, याकोबराव." पण मग तुझ्या शेळीला झालेलं करडू मला कसं ठाऊक? झोपेच्या औषधातही उशाशी कुणीतरी सांगत होतं, "याकोब, एकच कान पांढरा हाय बघ त्याचा. आता मधी बोलू नको."

परवा तपासणी करून नगरहून परतताना बस तिसगावला थांबली. खिडकीतून तुझं दार दिसलं. दारात करडू बांधलेलं, आणि एकच कान पांढरा!

म्हणजे घरचे चहाला गेले की तू आत शिरत होतीस. मी कुणाला बोलूच देत नाही, म्हणून इतकी वर्षं अबोला धरलास. माझ्या घशात नळी होती तेव्हा बरी बोललीस!

आणखी काय काय सांगितलंस गं? मला तेवढं करडूच आठवतंय.

हे पत्र टाकत नाही. यातही मीच बोलत बसलोय. उद्या येतो आणि करडाशेजारी गप्प बसतो. तू बोल.

तुझा घोगरा भाऊ,
याकोब