रोज कोपणारा देव

प्रिय पप्पा,

सलाम. तुमचं पत्र शनिवारी मिळालं. जितेंद्रचं घर सोडून मला दोन महिने झाले, तेवढ्या दिवसांत तुमचा एक फोन नाही. आलं ते थेट चार पानी प्रवचन. चर्चच्या पाळकपणातून निवृत्त झालात, पण समोर मंडळी असल्यासारखंच लिहिता अजून. नवऱ्याकडे परत जा, देवाचा कोप ओढवून घेऊ नकोस, असं म्हणालात आणि समासात शाईच्या पेनने कोपासाठीचा मूळ हिब्रू शब्दही लिहिलात, झाअम. माझी बोलती बंद व्हावी म्हणूनच ना?

पण ही अक्षरं मला तुम्हीच शिकवलीत. रविवारची उपासना आटोपली, जेवणं झाली की मम्मी ताटं उचलायच्या आतच तुम्ही मला उजवीकडून डावीकडे वाचायला बसवायचात. दादा क्रिकेटला पळायचा, मी बसायचे. शब्द बायबलात जिथे जिथे आलाय त्या सगळ्या जागा बघायच्या, आपल्या सोयीची एकच ओळ उचलायची नाही, हेही तुम्हीच बजावलं होतं. म्हणून या वेळीही बसले. तुम्ही लग्नात दिलेला हिब्रू शब्दकोश मी घर सोडताना बॅगेत टाकला होता. दागिने राहिले तिथेच.

तीन संध्याकाळी त्यात गेल्या. शाळेतून यायचं, भात टाकायचा आणि शोधत बसायचं. पप्पा, हा नुसता राग नाही. अन्याय बघून येणारा संताप आहे. खोट्या मापाला तो शब्द लावलाय. लोकांना चिरडणाऱ्या बाबेलच्या राज्यावर तो आहे. यरुशलेम पडलं तेव्हा राजा आणि मंदिरातला याजक, दोघांवर आहे. याजकावरसुद्धा, हे तुम्ही पत्रात का नाही लिहिलंत? एका स्तोत्रात तर म्हटलंय की देव न्याय करणारा आहे आणि तो रोज असा संतापतो. रोज! जीव वाचवायला घराबाहेर पडलेल्या बाईवर मात्र तो मला एकदाही सापडला नाही. तुम्हाला सापडला तर अध्याय आणि ओवी कळवा.

राहते ती नवघरची खोली द्वारकाकाकूंची आहे. त्यांच्या सासरची मिठागरं होती, आता चार खोल्यांचं भाडं येतं. मी पुस्तकात डोकं घालून काय करते ते त्यांना समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, "एवरा कशाला बगतेस गो? तुला मारला तवाच देव कोपला आसंल, तुज्यावर न्हाय." चहाचा कप घेऊन गेल्यासुद्धा. मला तीन संध्याकाळी लागल्या, तुम्हाला अख्खं आयुष्य कमी पडलं. रागावू नका, किंवा रागवा, माझी काही हरकत नाही. मी बरी आहे, पोटभर जेवते, आणि जिन्यात पावलं वाजली की आता दचकत नाही.

हे पत्र मात्र शब्दार्थाच्या वादासाठी लिहिलेलं नाही. मी कोर्टात जितेंद्रविरुद्ध मारहाणीचा अर्ज केलाय, पुढच्या महिन्यात तारीख आहे. ईस्टरला तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा दार मी उघडलं होतं. माझा डावा डोळा सुजून मिटला होता. तुम्ही पाहिलंत. मी तोंड उघडायच्या आत, स्टुलावरून पडलीस ना, असं तुम्हीच विचारलंत, आणि मी हो म्हटलं. त्या दिवशी मी तुम्हाला सांभाळून घेतलं, पप्पा. पुन्हा घेणार नाही. साक्षीदार म्हणून मी तुमचं नाव दिलंय, समन्स येईल. वकीलबाई म्हणाल्या, वडील आयत्या वेळी फितूर झाले तर केस अडचणीत येईल, अजून विचार करा. मी म्हटलं, नाव राहू द्या.

तुमचीच,
सुरुची