धोंडे, गोळी आणि लेणीच्या पायऱ्या

आदरणीय साडूभाऊ नानासाहेब यांस,

वाळूजहून रामकिसनचा रामराम. इकडं सारं ठीक, म्हणजे मी जिवंत आहे. तुमच्या कमरेचं दुखणं कसंय? माझ्या कमरेचं विचारू नका, सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

अधिक महिन्यात आपण दोघं जावई फर्दापूरला धोंड्याच्या जेवणाला गेलो, आठवतंय ना? मोटारसायकलवर माझी कंबर धरली होती. तुम्ही कोपऱ्यात नेऊन बटव्यातली दुखण्याची गोळी दिलीत (तुमच्या घरी ताईंनी डॉक्टरकीवर बंदी घातलीय, म्हणून गुपचूप). मग सासूबाईंनी कणकेत पुरण भरलेले सात धोंडे वाढले. सात! जावयाला नाही म्हणायची सोय असती का? हात वाळायच्या आत तुम्हीच म्हणालात, चला, लेणीच्या पायऱ्या चढू, जिरून जाईल. भर उन्हात! अर्ध्यात पोचलो तर अंगभर पित्ताच्या गांधी, ओठ सुजलेले, घसा आवळलेला. लई भ्यालो हो, वाटलं संपलं.

शहरातला डॉक्टर म्हणतो, अ‍ॅलर्जी गव्हाची, पण तुम्हाला नुसता गहू बाधत नाही; वर गोळी, ऊन अन् चढण आली की जिवावर बेततं. आता हे फर्दापुरात पटवा! रोज चार पोळ्या हाणणाऱ्याला गहू कसा बाधंल? सासरे म्हणतात नाटक, चतुराबाई मावशी म्हणतात नजर. सासूबाईंनी तर कढईच पालथी घातली. माझ्या हातानं जावई मरत होता, म्हणून रडतात. मी शपथेवर सांगितलं, मामी, दोष गोळीचा अन् पायऱ्यांचा. तर म्हणतात, जावई गुणाचा, माझं मन राखतो. साऱ्यांनी विचारलं, कोणती गोळी, कुणी दिली? तेव्हा तुम्ही आढ्याकडं बघत होतात. आता मी डोकं कुठं आपटू? आमची आशाबाई माहेराचं नाव काढलं की डोळे पुसते, मला पोळीचा घास गिळवत नाही.

आपला (जेवून खुर्चीत गप बसलेला)
रामकिसन

ता.क. येत्या रविवारी फर्दापूरला जा अन् सासूबाईंना खरं सांगा. तुमचा शब्द त्यांना पटतो. त्या पंच्याहत्तरीच्या आहेत, अधिक महिना तीन वर्षांनी येतो. तोवर त्यांना आपल्या हाताचा धाक वाटत राहिला तर मला कसं सहन व्हावं?

आणखी एक. जपलेलं बरं म्हणून त्यांनी पुढच्या धोंड्याला दोन्ही जावयांसाठी भगर शिजवायचं ठरवलंय. दोन्ही, नानासाहेब. आता तरी बोलाल ना?