न पडलेलं स्वप्न

२६ एप्रिल १९५६, थेरगाव

आई सकाळी पुन्हा म्हणाली, "तुकाईची ओटी कवा भरायची गं?" सांगून टाकलं, कावळा शिवला. बसले बाजूला. शिवलं-बिवलं काही नाही. ओटी भरली की माहेरचं काम संपलं, मग लाँच धरून यांच्याकडे बेटावर परत. म्हणून हे दुसरं खोटं.

पहिलं यांच्याशी बोलले. तुकाई स्वप्नात आली, ओटी भरायला थेरगावला बोलावते. स्वप्न कुठलं पडायला? त्या दीपघरात झोपच लागत नव्हती मला. यांनी एका शब्दाने शंका घेतली नाही. लाँचवर चढवताना देवीसाठी नारळसुद्धा दिला.

३० एप्रिल

न्हाऊन घरात आले. चार दिवस आई ताट लांबून सरकवत होती, वहिनी माझं पाणी भरत होती. बरी चैन केली मी.

बेटावर बाई म्हणून मी एकटीच. हे आणि हाताखालचा गणपत, आळीपाळीने जहाजांना दाखवायच्या दिव्यावर. बोलायला कोंबड्या. यांनी काय कमी केलं? दर मंगळवारी दीपघराच्या पायरीवर आमचेच चार कांदे मांडून बसायचे. "घ्या बाई, चाकणचा माल!" मी घासाघीस करायची. आधी आधी हसू यायचं. एका मंगळवारी मी सगळे कांदे समुद्रात भिरकावले आणि ओरडले, कुणाला फसवताय? पुढची लाँच येईपर्यंत बिनकांद्याचं कालवण, तेही यांनी गोड मानून खाल्लं. माझ्याच तोंडात मारून घ्यावी असं वाटलं.

३ मे

शेजारच्या बायजाकाकू आल्या. जावई त्यांच्या मुलीला नांदवायला नेत नाही. माझे पायच धरायला लागल्या. "तुज्या सपनात आली तुकाई. माज्या पोरीचं काय बोलली का?" त्यांच्या डोळ्यांकडे बघून म्हणून गेले, होय काकू, धीर धर म्हणाली. काकू रडत रडत घरी गेल्या. संध्याकाळी वाटीभर तूप पाठवलं. एकाचे तीन झाले आता. तुपाला हात लावला नाही. आईने भाकरीवर वाढलं, तेव्हा खाल्लं.

८ मे

गणपत आला होता! रजेवर आहे. त्याचा भाचा दादाच्याच कारखान्यात, पिंपरीला. दादा शिफ्ट सुटल्यावर दोघांना घेऊन आला.

गणपत म्हणाला, "वैनी, तुमी गेल्यापासून भाऊंनी मासळी सोडलीय. देवीची ओटी भरली की खाईन म्हणतात. नुसता भात नि मीठ. गळ्याची हाडं दिसाय लागलीत."

बेटावर मासळीशिवाय दुसरं आहे काय? माझी मेथी होती डब्यात लावलेली, तीही मीच खुडून संपवली. गणपतच्या जागी बदलीवर आलेला माणूस मद्रासकडचा, यांची भाषा त्याला कळत नाही, त्याची यांना. म्हणजे आता कोंबड्यांशी बोलायची पाळी यांची.

निरोप काय, तर "घाई करू नको, देवीचं नीट होऊ दे." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटची लाँच २६ ला. मग समुद्र बंद, थेट नारळी पौर्णिमेपर्यंत.

९ मे

आईने भरली वांगी केली. मी भाकरी मिठाशीच खाल्ली. आज भरते, उद्या भरते. खण आणून ठेवलाय दादाने पिंपरी कॅम्पातून, हिरवा. ट्रंकेत खाली घातला.

१२ मे

आई म्हणाली, मंगळवार येतोय, चांगला वार, भरून टाक. तोंडातून निघून गेलं, कावळा शिवला. लगेच जीभ चावली. आईने हातातला तवा खाली ठेवला. "पोरी, माज्या अंगणातला कावळा काय पंधरा दिसांत दोनदा शिवतो व्हय?"

बाजूला बसले. आज ताट आलं ते लांबून नाही. आईने जवळ येऊन हातात दिलं.

१३ मे

आई गोठ्यात घेऊन गेली. स्वप्नाचं विचारलं. नाही पडलं म्हटलं.

"मारतो का?"

"नाही."

"पितो?"

"नाही गं. लई चांगले आहेत."

"मग काय दुखतंय तुला?"

"कुणीच नाही गं तिथे, आई. वारा सुटला की मला वाटतं मी मेलेय आणि कुणाला कळलंच नाही."

मला वाटलं आता हात उगारेल. ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "सरकारी पगार बगून दिली मी तुला. बेट कसलं असतं, मला तरी कुटं ठावं व्हतं." मग पदर तोंडाला लावला. माझ्या खोट्याची शिक्षा तिला कशाला?

१९ मे

भरली ओटी. खण, नारळ, तांदूळ. बायजाकाकू शेजारी हात जोडून उभ्या, त्यांच्याकडे बघवेना. देवीपुढे काय मागावं सुचलं नाही. माफी मागायला गेले तर आधी यांची मागायला हवी.

येताना आई म्हणाली, "आता त्यानला तार कर. खाऊ दे मासळी." माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. तार बंदरावर जाईल, लाँच बेटावर नेईल. मी न जाताही त्यांचा उपास सुटेल. इतकं हलकं वाटलं, आणि लगेच त्या हलकेपणाचीच लाज वाटली. मासळी खातील. पण तीन महिने पावसात बोलतील कुणाशी?

दादा पाळीवर जाता जाता चिंचवडच्या पोस्टात तार देणार आहे. कागदावर त्याने लिहून घेतलं, "ओटी भरली. मासळी खा." आता सायकल धरून दारात उभा आहे. "फुडं काय टाकू? येती म्हणून टाकू का?" आई चुलीपाशी, मान वर करत नाही. वहिनी पण थांबली. दादाने पुन्हा विचारलं, "बोल की बाय, शिफ्टला उशीर हुतोय." मी म्हटलं, थांब, आत जाऊन सांगते. आणि आत येऊन हे लिहीत बसलेय.