माझ्या मापाचं चिलखत

३ डिसेंबर १९६७, रविवार. बोईसर

सकाळी बोईसरला उतरलो. ट्रंक, वळकटी आणि नर्मदेनं बांधून दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, तिन्ही शाबूत. संगमनेरहून निघताना सगळ्यांनी घाबरवलं होतं की जंगलात चाललास. जंगल कसलं, जिकडेतिकडे सिमेंटची पोती आणि ट्रक. तारापूरला समुद्राच्या अंगाला अणुवीज केंद्र उभं राहतंय आणि तिथल्या एका ठेकेदाराच्या ड्रॉइंग ऑफिसात मी उद्यापासून नकाशे काढणार. हवा खारट आहे, पण मन एकदम खुलून गेलं.

खोलीत जोडीदार भगवंत शिरभाते, अमरावतीकडचा. टाइम ऑफिसात हजेरी लिहितो आणि उरल्या वेळात नाटकं लिहितो. मी कुलूप लावून तीनदा ओढून पाहिलं तेव्हा तो पोट धरून हसला. हसू दे. संशयी स्वभावानं माझं आजवर काही बिघडलेलं नाही.

जानेवारीअखेर बिऱ्हाडासाठी क्वार्टर मिळेल म्हणतात. लग्नाला दीड वर्ष झालं, पण नर्मदेबरोबर राहिलो ते मोजून चाळीस दिवस. तिनं समुद्र पाहिलेला नाही. मी तरी कुठे पाहिला होता!

१० डिसेंबर, रविवार

भगवंतानं एक काम गळ्यात मारलं. सव्वीस जानेवारीच्या संमेलनात त्याचं नाटक आहे. परग्रहावरचा एक माणूस तारापूरच्या किनाऱ्यावर उतरतो, अंगभर चंदेरी चिलखत. ते मी करायचं आणि घालायचंही मीच, कारण मापाला रोज हजर असणारा दुसरा कोण? आकाशकंदिलापलीकडे मी आयुष्यात काही चिकटवलेलं नाही. तरी हो म्हणालो. नवख्या माणसाला इथे कुणी ओळखत नाही, निदान यानं ओळखतील.

आधी नकाशा काढला, समोरून, बाजूनं, पाठीमागून. सामान असं जमवलं: सिमेंटच्या रिकाम्या कागदी पिशव्या, डालड्याचे डबे, पाइपांवर गुंडाळतात त्या पत्र्याचे टाकाऊ तुकडे, खाटेच्या नवारीच्या पट्ट्या. छातीचा भाग झाला आणि अंगात शिरेचना. कागदाची जाडी धरायचीच राहिली होती. नकाशेवाल्यानं करावी अशी ही चूक नव्हे. भगवंताला सांगितलेलं नाही.

१७ डिसेंबर, रविवार

आमच्या ऑफिसबाहेर माती वाहणाऱ्यांत भिका म्हणून एक चाळिशीचा माणूस आहे, जव्हारकडच्या डोंगरातला. त्यांच्याकडे बोहाडा असतो, देवादैत्यांचे मुखवटे चढवून गावभर सोंगं नाचवतात. भिकाचा बाप ते मुखवटे करायचा. माझी फजिती पाहून त्याला राहवलं नाही. गव्हाची खळ फेकून दे म्हणाला, चिंचोके शिजव आणि त्यात मोरचूद घाल, म्हणजे कीड लागत नाही. कागदाचे थर कसे उलटसुलट द्यायचे, तेही त्यानं दाखवलं. हात असे की पाहत बसावं.

छाती, पाठ, खांदे झाले. पण कोपर वाकत नाही, आणि पाठीच्या पट्ट्या माझ्या मला बांधता येत नाहीत. म्हणजे हे घालायला दरवेळी दुसरा माणूस हवा. शिवाय यात बसता येत नाही. परग्रहावर बसत नसतील, असं भगवंतानं ठरवून टाकलं.

२४ डिसेंबर, रविवार

डोक्याचा टोप झाला. मातीच्या गोळ्यावर कागद चढवून, वाळवून, माती कोरून काढली. डोळ्यांच्या जागी वेल्डिंगची काळी काच. भिकानं विचारलं, हे कोणाचं सोंग. मी म्हटलं, कोणाचंच नाही, काल्पनिक आहे. त्याला ते पटेना.

“कोनाचं नाय आसं सोंग नसतं,” म्हणाला. “आमच्यात आदी नाव पुकारतात, मंगच सोंग बाहेर निघतं. नाव नाय दिलं तं ते आपलं आपन हुडकतं.”

एखादं नवं नाव ठेवा, जिवंत माणसाचं नको, असं त्यानं दोनदा बजावलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, हा खळीच्या भांड्यापाशी बसून मला भुताच्या गोष्टी सांगतोय.

१ जानेवारी १९६८, सोमवार

चंदेरी रंग दिला. खोलीच्या कोपऱ्यात उभं केलं की छातीत धस्स होतं, इतकं छान झालंय. वस्तू हरवू नये म्हणून साइटवर हेल्मेटवर घालतात तसं टोपाच्या आत तेलरंगानं नाव घातलं: झुंबर सखाराम दिघे, ड्रॉइंग ऑफिस. भिकाचं म्हणणंही राहिलं आणि माझी वस्तूही जपली, असा दुहेरी हिशेब.

भिकाला दाखवलं. वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

“तुमचं त्याला दिलं, मंग तुमाला काय ऱ्हायलं?”

एवढं बोलून तो गेला. चहासुद्धा घेतला नाही. अडाणी माणूस, पण राग आला नाही, कसनुसं मात्र झालं.

५ जानेवारी, शुक्रवार

इथल्या किनाऱ्यावरच्या नवापूरची रत्नाबाई वसाहतीत मासळीची पाटी घेऊन येते. आज दाराशी थांबली. नको म्हटलं तर तिला नवल वाटलं. काल भर दुपारी मीच तिच्याकडून बोंबील घेतले म्हणे. “भाव पन नाय केला तुमी. डोलं पन मिटत नव्हतं,” असं सांगून स्वतःच हसली. मला मासळीचा वास सहन होत नाही. काल दुपारी मी ऑफिसात होतो.

हा भगवंताचा चावटपणा. माझे कपडे घालून कोणाला तरी उभं करतो आणि मजा बघतो. संध्याकाळी चिलखताची धूळ झाडायला गेलो, तर छातीच्या आतून बोंबलाचा वास. गळ्याच्या कडेला एक बारीक काटा चिकटलेला.

९ जानेवारी, मंगळवार

काल मला अंगात कसर होती म्हणून तालमीला गेलो नाही. आज तिथे सगळे पाठ थोपटत होते, काल काय काम केलंस म्हणून. भगवंत तर भारावला होता. कोपरं वाकतात आता, चाल कशी सुधारली, विचारत होता. मी म्हटलं, मी नव्हतोच. तो हसला. त्याचं हसणं मला खोटं वाटलं नाही, हेच वाईट.

हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे आज सकाळी दोन सह्या. दोन्ही माझ्या.

१३ जानेवारी, शनिवार

पाळत ठेवली. सकाळी चिलखताच्या पट्ट्या सुट्या सोडल्या, दाराला माझं स्वतःचं नवं कुलूप, किल्ली कमरेला. भगवंत माझ्या डोळ्यांसमोर टाइम ऑफिसात. दुपारी साडेबाराला एकटाच येऊन उघडलं.

कोपऱ्यातच होतं. पण पाठीच्या पट्ट्या बांधलेल्या, सगळ्या सात, घट्ट, आत माणूस असावा तशा. हात घातला तर आतून ऊबदार आणि घामानं ओलं. कोपर धरून पाहिलं. वाकलं.

खरवडून नाव काढावं म्हणून टोप उलटा केला. आत नाव नाही. खरवडल्याची खूणही नाही. कोरा कागद.

१४ जानेवारी, रविवार

मजुरांच्या झोपड्यांत भिका सापडला. तोंड चुकवत होता. मी पाया पडायचा बाकी राहिलो तेव्हा बोलला.

“आपल्या मानसानं तोंडाकडं बगून नाव घेतलं का ते परत येतं. ज्याच्याकडं बगल त्याचं.” एकदाच घ्यायचं, आणि पहिल्यांदा घेतलेलं असावं. नंतरचं लागू पडत नाही.

आपलं माणूस! आईवडील गेले. इथे मी सगळ्यांना दिघे. राहता राहिली नर्मदा. आणि नर्मदेनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलेलं नाही. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा तिच्या आजीला घेरी आली, ते राहूनच गेलं. ‘अहो’ म्हणते. तेही खाली बघून.

घरी येऊन चिलखत जाळायचं ठरवलं. कोपरा रिकामा.

१७ जानेवारी, बुधवार

मेव्हण्याचं पत्र. ‘आपले पत्र मिळाले. क्वार्टर झाले, हे वाचून आनंद झाला. लिहिल्याप्रमाणे ताईस बावीसच्या रात्री गाडीत बसवून देतो, तेवीसला पोहोचेल.’

मी पत्र लिहिलेलं नाही.

क्वार्टरच्या ऑफिसात गेलो. किल्ली चार दिवसांपूर्वीच नेली आहे. खाली माझी सही. कारकुनानं मला विचारलं, आपण त्यांचे कोण?

त्यालाही तिनंच नाव घ्यायला हवं आहे. म्हणून बोलावतोय —

२० जानेवारी, शनिवार

तार करायला पोस्टात. पाठवणाऱ्याचं नाव विचारलं. तोंड उघडलं — जिभेवर येऊन थांबलं. कागदावर लिहायला गेलो, नुसता शाईचा ठिपका पडला. मागची रांग ओरडली. तसाच बाहेर आलो.

परवापासून खोलीवर माझी खाट दुसऱ्याला दिली आहे. ट्रंक नाही. भगवंत भला माणूस, पाणी दिलं. कोणाकडे आलात, असं विचारलं. मी म्हटलं — मी काय म्हणणार होतो —

भिका डोंगरात गेला, सांगतात.

दोन दिवस स्टेशनवरच आहे. ही वही तेवढी खिशात होती. तिनं यावं की येऊ नये, हे मला कळेनासं झालंय. यायलाच हवी. माझ्याकडे बघायला हवं तिनं.

२३ जानेवारी, मंगळवार

गाडी अकराला आली. मी पुढे धावलो. तो आधीच डब्यापाशी उभा होता. माझा निळा शर्ट. माझा भांग. माझं तोंड. कॉलरच्या खाली मानेवर चंदेरी रंगाचा एक ओरखडा, बाकी सगळं मी. तिनं पदर सावरला, खाली बघून हसली, मागून चालू लागली.

मी हाक मारली. तिनं वळून पाहिलं, घाबरली, त्याच्या आड झाली. दाढी वाढलेला, मळका, परका बाप्या तिच्या नावानं ओरडतोय —

मागून आलो आहे. क्वार्टरच्या दारात शेजारच्या राहीबाई आणि चारजणी. उंबऱ्यावर माप ठेवलंय. नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणतात. हसतायत. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा, डोळे न मिटता. मी कुंपणापाशी आहे, तिच्यापासून दहा पावलांवर, उजेडात. लिहितो आहे, म्हणजे निदान हात तरी माझा —

तिनं नको नको म्हटलं. राहीबाई ऐकत नाहीत.

नर्मदे, इकडे बघ. चाळीस दिवसांत एकदा तरी पाहिलं असशील. लाडवांचं फडकं बांधताना पाहिलं होतंस. या तोंडाकडे —

तिनं मान वर केली. माझ्याकडे पाहतेय. कपाळाला आठी. ओळखल्यासारखं — हो, ओठ हलले — थांबली —

त्यानं तिला ‘नर्मदे’ म्हटलं. हळू. मी म्हणतो अगदी तसं.

तिकडे वळली. लाजली. उखाणा म्हणाली, पूर्ण, स्पष्ट, शेवटी नाव. बायका टाळ्या वाजवतायत. मी ऐकलं. चार अक्षरं, का तीन, का — ऐकलं मी, आत्ताच, ते —

माप लवंडलं. ती आत गेली. दार लावतोय तो. कुलपाची कडी तीनदा ओढून —

माझं —