मुद्दा क्रमांक सतरा

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. या केअर होममध्ये येऊन बारा दिवस झाले. मुक्काम सहा आठवड्यांचा, खुब्याचं ऑपरेशन भरून येईपर्यंत. मग घरी. मुलीला विचारलं तर म्हणते, "बघू बाबा." म्हणजे तारीख बघू, असं.
तोवर वेळ फुकट घालवायचा नाही. एकतीस वर्षं कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. ज्या नजरेने बॉयलर पाहिले त्याच नजरेने काल हे होम पाहिलं आणि झोप उडाली. फायर एक्झिटच्या दारात तीन व्हीलचेअर. ओल्या फरशीवर पाटी नाही. औषधांची ट्रॉली कॉरिडॉरमध्ये एकटी उभी, चार मिनिटं. घड्याळ लावून मोजलं.
संकल्प: एक, संपूर्ण सेफ्टी रिपोर्ट. दोन, वॉकर बंद. वॉकर पेशंटसाठी असतो.

४ मार्च, मंगळवार
मॅनेजरला भेटलो. तरुण, गोड बोलणारा, निरुपयोगी. आठ मुद्दे वाचून दाखवले. प्रत्येकाला "बघतो काका" म्हणाला. आठव्याला फोन घेतला.
परत येताना कॉरिडॉरमध्ये खाली बसलो. पडलो नाही. फरशीचा उतार तपासत होतो, असं नर्सला सांगितलं. तिने रजिस्टरमध्ये 'पडले' लिहिलं. खोटी नोंद. मुद्दा क्रमांक नऊ.

५ मार्च, बुधवार
इथल्या मावशींना सांगितलं, मला आजोबा म्हणू नका, साहेब म्हणा. हो म्हणाल्या. "हो आजोबा."
माझ्या खोलीतले पोस्टमास्तर मात्र पहिल्या दिवसापासून साहेब म्हणतात. निवृत्त, अबोल, सुरक्षेची जाण असलेला माणूस. मी बोलतो तेव्हा पेपर खाली ठेवतात.
संध्याकाळी पुन्हा खाली बसलो. पुन्हा नोंद.

६ मार्च, गुरुवार
घात झाला. सकाळी पाहतो तो फायर एक्झिट मोकळं. व्हीलचेअर गायब. ओल्या फरशीवर पिवळी पाटी. ट्रॉलीला कुलूप. मॅनेजरने गुपचूप सगळं करून टाकलं. माझे तीन मुद्दे गेले, आणि श्रेय कुणाला? कुणालाच नाही.
नोटीस बोर्डावर लागलंय की वीस तारखेला तपासणी अधिकारी येणार. त्यांना काय दाखवू, पिवळी पाटी?
संकल्प: यापुढे मॅनेजरला एक अक्षर सांगायचं नाही. सगळं थेट अधिकाऱ्यांपुढे.

७ मार्च, शुक्रवार. दुपार.
मोठा शोध. आमच्या बाथरूममधली कॉल बेल बंद आहे. भिंतीला लाल दोरी आहे, ती ओढली की नर्सच्या टेबलावर दिवा लागायला हवा. पोस्टमास्तरांना टेबलाजवळ उभं केलं, मी दोरी ओढली. दिवा नाही. तीनदा ओढली. नाही.
मुद्दा क्रमांक सतरा. रिपोर्टचा कळस. मॅनेजरला कळलं तर एक वायर जोडून मोकळा होईल आणि अधिकारी म्हणतील, वा, छान चाललंय. रोग दिसायला हवा, तरच उपचार होतो. राखून ठेवायचा.
पोस्टमास्तरांनी विचारलं, "साहेब, कुणाला सांगायला नको का?" म्हटलं, नोंद घेतली आहे. मान डोलावून ते पेपर वाचायला बसले.

९ मार्च, रविवार
मुलगी आली. रिपोर्टची बारा पानं दाखवली. तिने विचारलं, वॉकर कुठे आहे? नर्सने फोन केला होता म्हणे, एका आठवड्यात दोनदा पडलात. समजावलं की दोन्ही वेळा बसलो होतो. तिने पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाली, "बाबा, फोन वाजला की वाटतं, पुन्हा पडलात. तुम्ही इथे तरी नीट राहा." मी तिला ट्रॉलीच्या कुलपाची हकीकत सांगितली. लवकर गेली. ट्रॅफिक असतो.

११ मार्च, मंगळवार
सुरक्षा समितीची पहिली बैठक. उपस्थिती: मी, पोस्टमास्तर, आणि शेजारच्या खोलीतल्या निवृत्त शिक्षिका बाई. बाईंना पत्त्यांचा डाव आहे असं वाटलं होतं. तरी बसल्या. ठराव: उद्या फायर ड्रिल. पूर्वसूचना न देता, कारण आग सूचना देऊन लागत नाही.

१२ मार्च, बुधवार. संध्याकाळ.
चार वाजता वरच्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये "आग, आग" असं ओरडलो आणि स्टॉपवॉच लावलं. मावशी, नर्स आणि आचारी यांनी बावीस माणसं सहा मिनिटांत अंगणात आणली. एक जण जिन्याच्या मधल्या टप्प्यावर अडकलेला सापडला. त्याला आचाऱ्याने खांद्यावर घालून आणलं. रिपोर्टमध्ये त्या व्यक्तीचा उल्लेख 'एक रहिवासी' असा केला आहे.
चहा गार झाला म्हणून सगळे माझ्यावर चिडले. शिक्षिका बाईंनी समितीचा राजीनामा दिला. मॅनेजर हात जोडून म्हणाला, काका, पुन्हा असं करू नका, दोघांचं बीपी वाढलंय. एकतीस वर्षांचा अनुभव फुकट देतोय, आणि कौतुकाचा एक शब्द नाही.

१४ मार्च, शुक्रवार
पोस्टमास्तर पडले. सकाळी अकराच्या सुमारास, बाथरूममध्ये. मी हॉलमध्ये रिपोर्टची स्वच्छ प्रत करत बसलो होतो, पान अठरा. चाळीस मिनिटं ते फरशीवर होते. मावशी चादरी बदलायला गेल्या तेव्हा सापडले. लाल दोरी मुठीत होती. उजव्या हाताचं हाड मोडलं. हॉस्पिटलात नेलं.
दुपारी इलेक्ट्रिशियन आला. वायर सुटली होती. दहा मिनिटांत काम झालं. मावशी तिथेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "एवढंच होतं होय. कुणी आधी बोललं असतं तर."
बेल दर आठवड्याला तपासायला हव्यात. ती मॅनेजरची जबाबदारी. तसं स्पष्ट लिहिणार.

१६ मार्च, रविवार
लिहायला बसलो. सतराव्या मुद्द्यात 'बंद आहे' होतं, ते 'बंद होती' केलं. पुढे सरकलो नाही.
मॅनेजर खोल्याखोल्यांत जाऊन स्वतः दोऱ्या ओढतोय आणि वहीत खुणा करतोय. आमच्याकडे आला. डोळे सुजलेले. म्हणाला, "काका, तुम्ही याच खोलीत असता. तुमच्या कधी लक्षात आलं नाही का?" म्हटलं, मी कॉरिडॉरवर काम करत होतो. हे खोटं नाही. बराच वेळ कॉरिडॉरवरच होतो.

१८ मार्च, मंगळवार
पोस्टमास्तर परत आले. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर. मावशी भरवतात. मी उशी नीट केली. थँक्यू म्हणाले. रिपोर्ट कुठपर्यंत आला, असंही विचारलं. म्हटलं, होत आला.

२० मार्च, गुरुवार
अधिकारी आल्या. पन्नाशीच्या बाई, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात क्लिपबोर्ड. रिपोर्ट दिला, बावीस पानं. उभ्याउभ्या चाळतील असं वाटलं होतं. खुर्ची ओढून बसल्या आणि पहिल्या पानापासून वाचलं. नेटकं आहे म्हणाल्या. कारखान्यात होतात का, असं विचारलं. माझी मान ताठ झाली.
मग सतराव्या मुद्द्यावर थांबल्या. प्रत्येक मुद्द्यासमोर तारीख घालायची माझी जुनी सवय. त्यांनी तारखेवर पेन टेकवलं. "सात तारखेला तुम्हाला कळलं. तुमच्या खोलीतले गृहस्थ चौदाला पडले. मध्ये कुणाला सांगितलंत?"
म्हटलं, रिपोर्ट तयार होत होता.
क्लिपबोर्डवर लिहू लागल्या. 'अपघाताचं कारण' हा रकाना मी एकतीस वर्षं भरलाय. समोरून, उलट्या बाजूनेही वाचता येतो. 'माहिती असूनही कळवली नाही.' मी असतो तर हेच लिहिलं असतं. एखादा शब्द जास्त कडक घातला असता.

खोलीत आलो. पोस्टमास्तर पलंगावर बसले होते, पेपर मांडीवर. त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसलो आणि सांगितलं. बेल बंद असल्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. अधिकाऱ्यांसाठी ठेवलं होतं.
ते प्लास्टरकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नोंद घेतली म्हणालात, मला वाटलं दुरुस्त झाली असेल. म्हणून दोरी ओढत राहिलो. दिवा लागला असेल, कुणीतरी येतच असेल, असं वाटत होतं. नाहीतर ओरडलो असतो. मावशी बाहेरच होत्या, त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं."
थोड्या वेळाने त्यांनी हनुवटीने पेपरकडे खूण केली. एका हाताने पान उलटता येत नव्हतं. मी उलटून दिलं. वाचून झालं की ते मान हलवायचे, मी पुढचं पान उलटायचो. असं शेवटच्या पानापर्यंत.