नाव घेऊन हाक मारणारं कुणी

ती. आईस,

उत्कर्षाचा पाया पडून नमस्कार. मी मजेत आहे, डबा वेळेवर येतो, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

कंपनीने मला नवं काम दिलंय. म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला घरी नर्स किंवा बाई लागते का, हे पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत विचारत फिरायचं. आई, केवढ्या त्या इमारती! वर बघताना खांद्यावरची ओढणी घसरते. आणि बेल वाजवावी तिथं एखादी आजी नाहीतर आजोबाच दार उघडतात. मुलं हिंजवडीला, नाहीतर परदेशात. मागणी एवढी, की बायाच पुरत नाहीत.

आज चौदाव्या मजल्यावर दत्तोबा भेटले, इथलेच जुने शेतकरी. गॅलरीतून खाली बोट दाखवून म्हणाले, "ह्या समद्या बिल्डिंगी हायेत ना, तितं आमची ज्वारी व्हायची." मी विचारलं, नर्स हवी का?

"न्हाई. सून समदं करून कामाला जाती. सकाळच्याला नाव घिऊन हाक मारनारं कुनी हाय का तुमच्याकडं?"

आमची कंपनी सगळं पुरवते गं, पण हे नाही.

फोनवर विषय काढला की तू ठेवून देतेस, म्हणून लिहितेय. मोरीच्या पाण्यावरून तू गयाकाकूंशी अबोला धरलायस. तरी त्या रोज भिंतीपलीकडून "कमळे, उठलीस का गं?" म्हणतात ना?

उद्या ओ दे, आई.

तुझी,
उत्कर्षा