मामांना वगळून मागवलेला माल

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा (तुमच्या लेखी आता माजी भाच्याचा) वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामीचा खोकला गेला का? आम्ही सगळे मजेत आहोत, दुकान झकास चाललंय आणि मला तुमच्याकडून काहीही नकोय. हे आधीच सांगतो, म्हणजे पत्र निवांत वाचाल.

गेल्या महिन्यात तुम्ही चहा अर्धा टाकून उठलात, ते काही डोळ्यांसमोरून हलत नाही. स्केटबोर्डच्या कंपनीने आम्हा छोट्या दुकानदारांना परस्पर कळवलं की यापुढे मधला वितरक नको, माल थेट आमच्याकडून घ्या. आणि मी ते पत्र कौतुकाने वाचून दाखवलं कोणाला, तर बारा वर्षं मला माल पुरवणाऱ्या वितरकालाच. (घरात मत असं आहे की देव अक्कल वाटत होता तेव्हा मी चाळणी घेऊन गेलो होतो.) तुम्ही एवढंच म्हणालात, "घे बाबा. मोठा झालास तू." त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्यात तर बरं वाटलं असतं.

तर आता थेट व्यवहाराची हकीकत ऐका. कंपनीची पहिली अट अशी की दुकानदाराने स्वतः स्केटबोर्ड चालवून त्याचा व्हिडिओ पाठवावा. बारा वर्षं ह्या फळ्या विकल्या, पण एकीवरही कधी पाय ठेवला नव्हता. दुकानासमोरच्या उतारावर जीव मुठीत धरून उभा राहिलो. फळी कुठे गेली ते कळलं नाही. मी शेजारच्या सलूनमध्ये गेलो, अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाच्या मांडीवर. (उरलेली अर्धी त्यांनी दुसरीकडे करून घेतली.) कंपनीला व्हिडिओ आवडला. 'उत्साही' असा शेराही मिळाला.

मग कोणती फळी किती हवी, ते विचारणारा अकरा पानी फॉर्म आला. तुम्ही मला असलं काही कधी विचारलंच नाहीत. दारात उभं राहून रस्त्यावरच्या मुलांचे बूट बघायचात आणि सांगायचात, यंदा रुंद फळ्या घे, पोरांचे पाय वाढलेत. मीही तसाच बूट बघत बसलो, तर एका आईने मला चांगलंच हटकलं. शेवटी कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई फार गोड बोलते, पण ती मशीन आहे. दाबायला नऊ आकडे देते, त्यातला एकही तुमच्याकडे लागत नाही.

मामा, माल काय, कोणीही पाठवेल. मला तुमची आठवण येते. मी चुकलो, आणि एवढं कळायला मला अकरा पानं भरावी लागली.

मामीला नमस्कार. जिने चढू नका.

तुमचा,
थेट भाचा

ता. क. माल पोचला असं कंपनी म्हणते, पण माझ्या दुकानात काही आलेलं नाही. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. 'माल कुठे उतरवायचा' ह्या रकान्यात मी तुमच्या गोदामाचा पत्ता लिहिलाय. बारा वर्षं खराब माल बदलून घेण्याच्या कंपनीच्या प्रत्येक कागदावर तोच लिहीत आलो, हात आपोआप वळला. तेव्हा तुमच्या दाराशी चाळीस खोकी असतील. जमलं तर उघडून बघा, चुकीचं काय मागवलंय ते सांगा, आणि बाकीचं नेहमीसारखं घेऊन या.

ता. ता. क. त्याच फॉर्ममध्ये 'अडचण आल्यास कोणाला कळवावे' असाही एक रकाना होता. तिथेही तुमचंच नाव आहे. ते मात्र सवयीने नाही, विचार करून लिहिलंय.